डोळ्याखालचा भोवरा

हे सांगायचं मी आजवर टाळलं. घोड्यांचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो. आता ऐकणारे फार उरले नाहीत, म्हणून लिहूनच टाकतो.

साठच्या दशकात औंधजवळच्या आमच्या गावात आम्ही तिघं घोड्यावर बसणारे सोबती होतो. एक नालबंदाचा मुलगा. नाल मारायला आलेलं कुठलंही जनावर तो ओढ्यापर्यंत पळवून आणायचा. दुसऱ्याला त्याच्या मामानं काळी घोडी दिलेली. तिसरा मी. माझ्या वडिलांना आसपासच्या गावांतून घोड्याची पारख करायला बोलावणं यायचं. अंगावरच्या केसांचा कुठला भोवरा शुभ, कुठला अशुभ, हे ते सांगत आणि मगच सौदा ठरायचा. आमच्या स्वतःच्या दावणीला मात्र ओझ्याचं तट्टू.

घोडीवाला माझ्यापेक्षा चांगला बसायचा. हे लिहायला आजही जड जातं. लगाम सैल सोडून तो ओढा ओलांडायचा आणि घोडी आपणहून वळायची. मी मागितली तर तो लगेच उतरून द्यायचा, त्याचा मला जास्त राग यायचा. माझ्या मांडीखाली ती कान पाडून चालायची.

औंधच्या यात्रेत एका फोटोवाल्यानं आमचा फोटो काढला. तो घोडीवर, नालबंदाचा मुलगा शेजारी, मी लगाम धरून. फोटोवाला मला घोडी सांभाळणारा नोकर समजून म्हणाला, "ए मोतद्दार, जरा बाजूला सरक की." ते दोघं हसले. मीही हसलो.

पुढं त्याची आई तापानं अंथरुणाला खिळली. तो तिला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात गेला आणि घोडी आमच्या दावणीला बांधून गेला. मी तिच्या तोंडाभोवतीची मोरकी आवळून बांधली. दोरीनं तिच्या डोळ्याखाली गाल सोलला. हळद मीच लावली. जखम भरली, पण केस वळून आले.

बऱ्याच दिवसांनी तो आईला परत घेऊन आला, तरी ताप हटेना. घरातला जो तो कारण शोधत होता. माझे वडील बाजाराला गेलेले. त्याच्या बापानं मलाच विचारलं, "तुजी बी नजर हाय म्हंत्यात. घोडीत काय खोट न्हाई न्हवं?"

मी तिच्या गालावर बोट ठेवलं. "डोळ्याखाली भोवरा हाय, काका. असलं जनावर घरात रडं आणतंय. आधी केसांत लपला हुता."

तो शेजारीच उभा होता. त्यानं घोडीच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि घरात गेला. वडील परतायच्या आत घोडी मिरजेच्या टांगेवाल्याकडं गेली होती.

आणि त्याची आई बरी झाली.

"तुज्या नजरंनं आमची आय वाचली, गड्या," तो म्हणाला. मी साताऱ्याला नोकरी धरली ती त्याच साली. त्याच्याशी बोलणं नको, म्हणून गावाला जाणंही कमी केलं.

अलीकडं नालबंदाच्या मुलाला, तो आता सांगलीत असतो, तो फोटो पेटीत सापडला. त्यानं मोठा करून भिंतीवर लावला आणि आम्हा दोघांना फोन करून बोलावलं. घोडीवाला तासगावहून आला, या वयातही पाठ ताठ. नालबंदाच्या मुलाच्या सूनबाईंनी चहा ठेवला आणि फोटोकडं बघून विचारलं, "हे राजबिंडे कोण?" त्यांचं बोट त्याच्यावर होतं.

त्यानं चष्मा काढला आणि तोंड फोटोजवळ नेलं. बराच वेळ बघत राहिला.

"भोवरा न्हाई की रं हितं."

"फोटोवाल्यानं पुसला आसंल," नालबंदाचा मुलगा म्हणाला. "माज्या तोंडावरचे देवीचे वण तरी कुठं हायत त्यात? लगीन जमावं म्हणून घासून काढलं बेट्यानं."

सगळे हसले. घोडीवाला माझ्याकडं वळला. "व्हय रं?"

"आसंल," मी म्हणालो. "पुसला आसंल."

मग तो सूनबाईंना सांगत बसला, आई त्यानंतर किती वर्षं जगली, नातवंडं कशी तिच्या मांडीवर वाढली. माझा हात धरून सांगत होता.

एसटी स्टँडवर त्यानं माझ्या पिशवीत बेदाण्याचं पुडकं कोंबलं. "आयपुढं घोडीचं काय न्हाई," तो म्हणाला. "पर मिरजंला गेलो की टांग्याच्या घोड्यांचं गाल बघायचो. लय वर्सं." तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला. मी कुणाला इतकी वर्षं शोधलं नाही.

गाडी लागली. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण ते बोललो तर घोडी उगाच गेली असं होणार होतं, आणि आई माझ्यामुळं वाचली हेही जाणार होतं. पहिलं त्याला सोसावं लागलं असतं, दुसरं मला. मी नुसता हात केला.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. ते वाक्य असं होतं: भोवरा नव्हता, गड्या. माझ्या दोरीचा वण होता, आणि मला ते ठाऊक होतं. माफ कर.