दूध सोसायटीच्या अंगणातली मागची रांग

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलत होतात, म्हणून मला धड काही कळलं नाही. नंतर तुमच्या आईला विचारून घेतलं. तुमच्या ताई-चीच्या क्लासचे मोठे गुरू वारले. येत्या रविवारी देशोदेशीचे त्यांचे विद्यार्थी आपापल्या गावी, आपापल्या सकाळी, त्यांच्यासाठी एकदा सगळे हात, म्हणजे ताई-चीच्या साऱ्या हालचाली ओळीनं, करणार आहेत. त्यात धाकटीला तिच्या बाईंनी शेवटच्या रांगेत जागा दिली, आणि ती रुसली आहे.

रुसू नकोस. याच कारणासाठी मी तुझ्या आधी रुसून घेतलं आहे. कुठं आणि कसं, ते क्रमानं सांगते.

सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, तामलवाडीच्या पुढं, आमचं गाव आत वळतं. तिथल्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत असे. बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरानंही काढला. रेशनवर मिळणाऱ्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी खाल्ल्या, आणि तुमच्या पणजीनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, रस्त्याच्या कामावर खडी फोडली. गावातली निम्मी जनावरं तेव्हा गेली. पुढं पाऊसपाणी सुधारल्यावर गावात सहकारी दूध सोसायटी निघाली आणि हळूहळू घरोघरी म्हशी आल्या. आमच्या दारातही एक आली. सासूबाई तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलत.

सोसायटी म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढं शहाबादी फरशीचं अंगण आणि कडेला कडुलिंबाचं झाड. पहाटे धारा काढून सगळे तिथं येत. दूध मोजलं जाई, त्यात स्निग्धता किती ते बघायला फॅट लावली जाई, मोठ्या कॅनमध्ये ओतलं जाई. मग टेम्पो येईपर्यंत थांबायचं. टेम्पोवर कुणाचा विश्वास नव्हता, त्यामुळं दूध नजरेसमोर चढल्याशिवाय कुणी घरी जात नसे.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे वस्ताद. पोरवयात ते गावातून मुंबईला पळाले, जहाजाच्या बॉयलरवर लागले आणि मलायातल्या पिनांग बंदरात उतरून तिथंच राहिले. हाडं बसवणाऱ्या एका म्हाताऱ्या चिनी वैद्याकडं ते ताई-ची शिकले. दुष्काळात आई एकटी पडली म्हणून परत आले, ते आईनंतरही गेले नाहीत. माणूस बुटका, मान आखूड, बोलणं जहाजावरच्या हिंदीचं आणि आपल्याकडच्या दखनीचं मिश्रण. फॅट लावून झाली की हात धुऊन ते फरशीवर उभे राहत आणि आपले रोजचे हात सुरू करत.

पहिले काही दिवस लोक नुसते हसले. "वस्ताद, माश्या हाकलताय व्हय?" सासूबाईंनी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, "ताई-ची." सासूबाई म्हणाल्या, "ताईची? आन् मंग दादाची कुठंय?" सगळं अंगण हसलं, वस्तादही हसले, आणि हात चालूच राहिले.

सोसायटीचे चेअरमन कंबरदुखीनं बेजार होते. तेच आधी त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले. त्यांची कंबर हलकी झाली तशी रांग वाढली. टेम्पोची वाट बघायचीच होती, ती बसून बघण्याऐवजी उभं राहून बघू लागलो, एवढंच.

आता रांगांचं सांगते. आपलं घर बौद्ध. सोसायटी निघाली तेव्हा आमच्या वस्तीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्यावं, असं एकदोघांनी सुचवलं होतं. वस्तादांनी विचारलं, "टेम्पोवाल्याला कुठला कॅन कुणाचा म्हणून सांगू?" दूध एक झालं. उभं राहायच्या जागा मात्र जुन्याच राहिल्या. पुढं चेअरमन आणि त्यांच्या भावकीतले, मधे इतर, शेवटी आम्ही.

मी गेले ती ठरवूनच गेले की मधल्या रांगेत उभी राहीन. शाळेत त्यांच्याच मुलांना मी फळ्यापुढं उभी राहून शिकवत होते. दोन दिवस तशी उभी राहिलेही. तिसऱ्या दिवशी वस्ताद जवळ आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही मागं जा. एकदम मागं."

मी गेले, पण मनातून पेटले. जग फिरून आलेला हा माणूसही अखेर गावचाच निघाला, असं वाटलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तर कुणी सांगावं बी लागत न्हाय. पायच मागं जात्यात."

तोवर वस्तादांनी आम्हाला सुरुवातीचेच हात शिकवले होते. त्यात सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडं. त्याच आठवड्यात त्यांनी पुढचे सुरू केले, आणि त्यातला पहिलाच असा की एका पायावर भार घेऊन पूर्ण मागं फिरायचं. आम्ही फिरलो. माझ्यापुढं कुणीच नव्हतं. लिंबाचं झाड, रस्ता आणि रस्त्यापलीकडचं उन्हाळलेलं रान. माझ्या पाठीमागं अख्खं गाव, आणि सगळ्यात शेवटी, जिथं आम्ही असायचो तिथं, चेअरमन आणि त्यांची भावकी. त्यांच्याही मागं वस्ताद.

"आता बाईंकडं बघा," मागून वस्तादांचा आवाज आला.

धाकटे, तुझ्या बाईंनी तुला मागं का ठेवलं, ते आता तुझं तू ओळख.

त्या दिवसापासून मी हात पक्के केले. शाळेत मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला की केले, घरी चूल पेटायची वाट बघताना केले. वस्ताद फार बोलत नसत. पायांचं एकच सांगत: "एक कॅन भरलेला, एक रिकामा. दोन्ही अर्धे ठेवले तर हिंदकळतात." उभं असताना सगळा भार एका पायावर हवा, मग दुसरा पाय कुठंही सहज ठेवता येतो. आजही जिना चढताना मी हेच मनाशी म्हणते आणि कठड्याला हात लावत नाही. चेअरमन गमतीनं म्हणायचे, "निम्मा खेळ आमचा, निम्मा बाईंचा."

सासूबाईंचं दुखणं वेगळं होतं. त्यांना सगळे हात पाठ झाले, माझ्याही आधी, पण घाई जात नव्हती. म्हैस घरी एकटी आहे, भाकऱ्या व्हायच्यात, या हिशेबानं त्या सगळ्यांच्या आधी संपवून उभ्या. वस्ताद पुढून न बघताच म्हणायचे, "आहिस्ता, आजी, आहिस्ता." त्यावर सासूबाई पुटपुटायच्या, "आहिस्ता करून दूध नासलं म्हंजी?"

अशी बरीच वर्षं गेली. पावसानं ओढ दिली, आला, पुन्हा ओढ दिली. उसाची लागण आली, साखर कारखान्याच्या निवडणुका आल्या, गावात दोन तट पडले. एकमेकांशी न बोलणारी माणसंसुद्धा सकाळी त्या फरशीवर एकाच वेळी एकच पाय उचलत होती.

मग एका थंडीत वस्तादांच्या छातीत दुखायला लागलं. सोलापूरला दवाखान्यात नेलं, आणि तिथून ते परत आले नाहीत.

पिनांगमधल्या त्यांच्या गुरुबंधूंना मी कळवलं. वस्तादांची इंग्रजी पत्रं मीच लिहून देत असे, त्यामुळं पत्ते माझ्याजवळ होते. उत्तर आलं ते मी सोसायटीत उभं राहून मराठीत वाचून दाखवलं. त्या म्हाताऱ्या वैद्याचे शिष्य तोवर कुठंकुठं पसरले होते. एक हॉलंडात, एक ऑस्ट्रेलियात, काही सिंगापुरात. त्यांनी एक दिवस ठरवला होता. त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या सकाळी वस्तादांसाठी हात करायचे. त्यांच्यातली रीत अशी की गेलेल्याची पुढची जागा मोकळी ठेवायची नाही. त्याच्या हाताखाली शिकलेल्या कुणीतरी तिथं उभं राहायचं.

मी पत्राची घडी घातली. जागा एकच आणि तट मात्र दोन. चेअरमन उभे राहिले तर दुसऱ्या तटाचे घरी गेले असते. ते चेअरमननाही कळत होतं. ते म्हणाले, "बाईंनी म्होरं यावं. हात त्येंचेच पक्के हायत."

मी म्हणाले, "नको."

मी ते का म्हणाले, हे तिथं कुणाला उमगलं नाही. लोकांना वाटलं, बाई भिडस्त आहेत. घरी मात्र सासूबाईंनी दूध चुलीवर ठेवलं आणि त्या माझ्यावर उसळल्या.

"जल्मभर मागं उभारलाव. हिरीवर मागं, रेशनला मागं, खडी फोडाया गेलाव तर तिथं बी पाणी शेवटी. आता गाव आपल्या तोंडानं म्होरं बोलीवतंय, आन् ही मास्तरीण म्हणती नगं!"

"आत्या, सगळे मागं फिरल्यावर कुणी दाखवायचं? मी पुढं गेले तर मागं कुणीच नाही. निम्म्यातच सगळं बंद पडेल."

"पडू दे! लोकं मागं फिरल्यावरचं बघत न्हाईत. लोकं बघत्यात म्होरं कोण हाय त्ये."

त्यांचं खरं होतं आणि माझंही खरं होतं. आमच्या घरातलं कुणी त्या फरशीवर, सकाळच्या उजेडात, गावाच्या पुढं उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हती. तीच संधी मी नाकारत होते. पण मागचा माणूस कच्चा राहिला तर वस्तादांना दिलेला मान अर्ध्यावर सांडला असता. दूध वर आलं, ते मी उतरवलं. मग म्हणाले, "मग तुम्ही उभ्या राहा."

"म्या?"

"हात पाठ आहेत ना?"

"पाठ हायत की." त्या चुलीतलं लाकूड ओढून म्हणाल्या, "पर म्या घाई करती."

"ते तुम्हाला माहीत आहे. मग झालं."

सकाळी चेअरमनना सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता विचार केला आणि हसायला लागले. "म्हंजी म्होरं सासू, मागं सून. आन् आमी मधी?"

"व्हय," सासूबाई म्हणाल्या. "सासू-सुनंच्या मधी उभारायची हिंमत हाय का बगा."

त्यावर दोन्ही तटांचे लोक हसले, आणि ठरलं. चेअरमनच्या भावकीतला एक जण त्या दिवशी दूध घालून निघून गेला. तो पुन्हा कधी उभा राहिला नाही. बाकीचे सगळे थांबले.

फोटो लावला नव्हता. वस्तादांचा फोटो होता तो जहाजाच्या कार्डावरचा, पोरसवदा. गावात कुणी ओळखलाही नसता. त्यांचा हात पुसायचा पंचा लिंबाच्या खुंटीला तसाच होता, तो तिथंच राहू दिला. सासूबाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या. पुढं जाताना त्यांचे पाय मधल्या रांगेपाशी एकदा अडखळले. चेअरमन बाजूला सरून म्हणाले, "चला आजी, वाट हाय." त्या गेल्या आणि वस्तादांच्या फरशीवर उभ्या राहिल्या.

मला एकच भीती होती. म्हातारी निम्म्या वेळात उरकून मोकळी होणार.

त्यांनी हात उचलले. ते वर यायला एवढा वेळ लागला की आमचे खांदे भरून आले. मग पहिलं पाऊल. टाच टेकली, थांबली, मग चवडा. एवढं सावकाश वस्तादांनीही कधी केलं नव्हतं. शेजारची बाई माझ्याकडं बघायला लागली. मी पुढं बघ म्हणून खुणावलं. तेवढ्यात टेम्पो आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. दूध उन्हात होतं, आणि सासूबाईंना दुधापेक्षा मोठं काही मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा डावा पाय हवेत होता. त्यांनी तो जसा उतरवायचा तसाच उतरवला. दुसरा हॉर्न वाजलाच नाही. इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.

मग आम्ही फिरलो आणि सगळं माझ्याकडं आलं. पुढं झाड, रस्ता, टेम्पो. ड्रायव्हर खाली उतरून टोपी काढून उभा होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी सासूबाईंची चाल मोडली नाही. एक कॅन भरलेला, एक रिकामा. मागं फरशीवर पावलं एकत्र टेकत होती, ती मला मोजता आली असती इतकी स्पष्ट. त्याच सकाळी पिनांगच्या बंदरावर ते हात होऊन गेले असतील आणि हॉलंडात अजून व्हायचे असतील. मला त्यात काही मोठं वाटलं नाही. आमचे नीट होत होते, एवढंच मला बघायचं होतं.

शेवटच्या हातांत पुन्हा फिरून पहिल्या दिशेला तोंड येतं. फिरलो, तर सगळ्यांच्या पुढं सासूबाईंची पाठ. पदर डोक्यावरून खाली आला होता. मी लग्न होऊन आल्यापासून तो कधी ढळलेला पाहिला नव्हता. त्यांनी सावरला नाही. दोन्ही हात छातीसमोर तसेच धरलेले. आम्ही हात खाली सोडले, त्या सोडेनात.

चेअरमन हळूच म्हणाले, "आजी, झालं आता. टेम्पो थांबलाय."

सासूबाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

"आहिस्ता," त्या म्हणाल्या.