मराठी फॉन्ट नसलेला कॉम्प्युटर आणि आई

आज इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये जुन्या कॉम्प्युटरचं प्रदर्शन होतं. आईला घेऊन गेले. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते, फारशी बोलत नाही.

नागपुरात दोघं घरीच लग्नपत्रिकांचं डीटीपी करायचे. बाबा मजकूर वाचायचे, आई टाइप करायची.

तेव्हा घरी होता तसाच एक कॉम्प्युटर दिसल्यावर ती समोर बसली आणि भराभर टाइप करू लागली. त्यात मराठी फॉन्ट नव्हता. स्क्रीनवर नुसती अर्थहीन इंग्रजी अक्षरं उमटली.

“काय लिहिलंस गं?”

“ह्यांचं नाव.”

तिथल्या जर्मन आजोबांनी हसून “श्योन!”, म्हणजे ‘छान!’, म्हटलं आणि पुढच्या माणसासाठी स्क्रीन कोरी केली. बसने घरी आलो, कुकर लावला.

बाबा गेले तरी मला अजून रडू आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का?