मागच्या सीटवरचे काका

मी शाळेची बस चालवतो. बावीस वर्षांत पुष्कळ मदतनीस आल्या. निम्म्या दुसऱ्याच आठवड्यात पळाल्या. आमच्या मावशी मात्र अकरा वर्षं पाय रोवून उभ्या आहेत. चाळीस पोरांचा कलकलाट आणि त्यावर यांचा आवाज. मलाही सोडत नाहीत. "ब्रेक हळू मारा, मागे माणसं आहेत!" पहिलीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांनाही त्या माणसं म्हणतात.

यंदा तिसरीतली एक मुलगी आली. तिला बस लागायची, तीही रोज. मावशींनी मायेपोटी तिला पुढच्या सीटवर एकटीला बसवलं आणि पायाशी बादली ठेवली. झालं! दोन दिवसांत पोरांनी तिचं नावच 'बादली' पाडलं. कुणी शेजारी फिरकेना. महिन्याभरात सोळा पालकांच्या सह्यांचं पत्र आलं, या मुलीला बसमधून काढा. तिची आई पहाटेच कारखान्यात जाते. बस गेली की शाळाही गेली.

पालकसभेला मीही गेलो. म्हटलं, मावशी आता एकेकाला फैलावर घेणार. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी तिला बाजूला बसवलं आणि पोरं माझंच बघून शिकली. ते मी निस्तरते. पण निकाल लावायच्या आधी तुमच्यातल्या एकाने उद्या आमच्या बसमध्ये बसून बघावं."

पत्र लिहिणारे गृहस्थ स्वतःच आले, छान इस्त्रीचा शर्ट घालून. मोठ्यांना जागा फक्त शेवटच्या सीटवर. मावशींनी बादली काढून टाकली होती. मुलीला मधल्या रांगेत खिडकीशी बसवलं होतं आणि शेजारी या गृहस्थांच्याच मुलाला. तो अंग चोरून बसला होता.

मी मुद्दाम गाडीला हेलकावे दिले नाहीत, शपथेवर सांगतो. आमचा रस्ताच तसा आहे. चौथ्या वळणावर साहेबांचा चेहरा उतरला, पाचव्याला पांढराफटक पडला आणि पुलाजवळ सगळं बाहेर आलं. शर्टाची वाट लागली. पोरं खिदळायला लागली. मुलाने लाजेने मान खाली घातली.

मी बस बाजूला घेतली. मावशी रुमाल घेऊन निघाल्या, पण ती मुलगी त्यांच्या आधी मागे पोचली होती. स्वतःची पाण्याची बाटली तिने पुढे केली. "काका, चूळ भरा. मग लांबचं झाड बघत बसा, बरं वाटतं. आणि लाजू नका, होतं असं."

हसणं थांबलं. "पप्पा, मी बसू तुमच्याजवळ?" मुलाने विचारलं.

शाळेपाशी उतरताना गृहस्थांनी मावशींना हळूच विचारलं, "हे तिला तुम्ही शिकवलंत?"

"नाही हो," मावशी म्हणाल्या. "महिनाभर तिला रोज बस लागत होती. 'लाजू नकोस' एवढं आमच्यातल्या एकानेही तिला म्हटलं नाही."

ते तशाच डागाळलेल्या शर्टाने तडक शाळेच्या ऑफिसात गेले आणि पत्र परत घेऊन आले. फाटकाशी उभं राहून त्यांनी त्याचे तुकडे केले.

अभिमानाने माझा ऊर भरून आला, चूक कबूल करणाऱ्या आमच्या मावशींचा आणि त्या चिमुरडीचा. शाळेसमोर हॉर्न वाजवायला बंदी आहे. मी चांगला लांबलचक वाजवला, आणि मावशी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.