मेक्कीचे अकरा नियम

मेक्की बुझनादने कॉन्स्टंटाइनच्या मोठ्या पोस्टात चौतीस वर्षं पत्रं निवडली. अर्धवट पत्ता, चुकलेला पत्ता, नुसतं ‘पुलाजवळच्या मावशीला’ असं लिहिलेलं पाकीट, सगळं त्याच्या हातून बरोबर घरी जायचं. आणि आमच्या गावात पूल काय थोडे आहेत! निवृत्त झाल्यावरही ही निवडानिवड त्याच्या अंगात तशीच राहिली. घरात ती चालेना, कारण घर त्याच्या बायकोचं, झुलीखाचं होतं. तेव्हा लग्न होऊन गेलेल्या मुलीने मागे ठेवलेल्या संगणकासमोर तो बसू लागला आणि एक दिवस मकनीनवाल्यांच्या फोरमवर जाऊन पोचला.

मकनीन म्हणजे आमच्याकडचा लाल तोंडाचा, चिमणीहूनही लहान पक्षी. आमचे अल्जीरियाचे पुरुष चारचौघांत बायकोचं कौतुक करणार नाहीत, पण मकनीनच्या गळ्याबद्दल दोन-दोन तास बोलतील. अशी माणसं एका फोरमवर जमली की जे व्हायचं तेच तिथे झालं होतं. सेतीफच्या एकाने अन्नाबाच्या एकाच्या पक्ष्याला ‘गंजलेली बिजागरी’ म्हटलं होतं आणि त्यावर आठ पानं नुसत्या शिव्या पडल्या होत्या. फोरमचा मालक नस्रो हा ओरानचा इंजिनिअर. हे निस्तरायला त्याला सवड नव्हती. मेक्कीने दोन-चार भांडणं गोडीगुलाबीने मिटवली, तशी नस्रोने त्याला मुशरिफ करून टाकलं. म्हणजे देखरेख त्याची, कुलूप त्याचं आणि हद्दपारीचा अधिकारही त्याचाच.

पंधरा दिवसांत मेक्कीने अकरा नियम लिहून काढले. रानातून धरलेला पक्षी इथे विकायचा नाही, हा पहिला. चौथा असा की कुणाला खोटं म्हणण्याआधी त्याला एकदा विचारायचं. सहावा लोकांना फार पटला. कुणाच्या पक्ष्याचं कौतुक करायचं तर आधी ‘माशाल्ला’ लिहायचं, मगच पुढे काय ते बोलायचं. कारण बात्नाच्या एकाने नुसतंच ‘वा, काय गळा!’ असं लिहिलं होतं आणि तिसऱ्या दिवशी तो पक्षी मेला होता. त्या नजर लागण्यावरून जी जुंपली ती रमजानपर्यंत पुरली. दुसऱ्याचं काही आणून टाकलं तर वर ‘मन्कूल’, म्हणजे उचललेलं, असं कबूल करायचं, हा सातवा. आणि नववा नियम मेक्कीच्या खास जिव्हाळ्याचा होता. मुशरिफच्या निर्णयावर सगळ्यांसमोर वाद घालायचा नाही, तक्रार असेल तर पानाच्या तळाशी दिलेल्या पत्त्यावर त्याला एकट्याला ईमेल लिहायची.

हे अकरा नियम छापून त्याने संगणकाच्या बाजूला पिठाच्या खळीने भिंतीवर चिकटवले.

“पोस्टाने तुम्हाला सोडलं,” झुलीखा म्हणाली, “पण तुम्ही काही पोस्ट सोडत नाही. आता माझी भिंतसुद्धा गेली.”

पण खरं सांगायचं तर मेक्की चांगला मुशरिफ होता. दोन वर्षांत फोरमवर शिवी दिसेनाशी झाली. एखादा तापला की मेक्की त्याला लिहायचा, “बाबा, पक्ष्याला पाणी घाल, तूही पी आणि मग लिही.” लोक ऐकायचे. आमच्याकडे आदराने नावाआधी ‘सी’ लावतात, आणि ‘सी मेक्की म्हणाले’ म्हटलं की विषय संपायचा. या वाक्याची त्याला हळूहळू चटक लागली होती, हेही सांगून टाकलेलं बरं.

मग दोन हजार नऊच्या मार्चमध्ये ‘गेल्माचा घड्याळजी’ नावाच्या एका नव्या सभासदाने एक ध्वनिफीत टाकली. खाली तीनच शब्द होते, “माझा पक्षी. ऐका.”

मेक्कीने ती लावली आणि पहिल्याच शिळेला ओळखलं. तो सुलतान होता.

सुलतान हा मेक्कीचा पक्षी, मरून त्याला अठरा वर्षं झाली होती. अठ्ठ्याऐंशी साली एका शुक्रवारी दुपारी मेक्कीने त्याचं गाणं कॅसेटवर घेतलं होतं. झुलीखाने जेवायला तीनदा हाक मारली, हा जागचा हलेना. शेवटी ती स्वतः आली आणि तिने यंत्राचं बटण दाबलं. त्याने ते लगेच पुन्हा सुरू केलं, पण व्हायचं ते झालं. गाण्याच्या मध्यावर एक ‘टक्’ बसला आणि त्या टक्‌नंतर सुलतान ओळीच्या मधूनच सुरू होतो. मेक्कीने त्या कॅसेटच्या नकला मागेल त्याला फुकट दिल्या. नकलांच्या नकला निघाल्या आणि त्या कुठे कुठे गेल्या कुणास ठाऊक. त्याची स्वतःची कॅसेट पुढे यंत्राने खाल्ली. तेव्हापासून त्याने ते गाणं ऐकलं नव्हतं.

आणि आता ते गाणं समोर वाजत होतं, मधल्या टक्‌सकट, आणि कुणीतरी त्याला ‘माझा पक्षी’ म्हणत होतं. मेक्कीचं आधी काळीज हललं आणि मग डोकं फिरलं. ‘पक्ष्याला पाणी घाल’ वगैरे त्याला काही आठवलं नाही. त्याने लिहिलं, “पोरा, हा पक्षी तू जन्मायच्या आधीचा असेल. मेलेल्याचा आवाज चोरून आपल्या नावावर खपवतोस, लाज वाटते का? सातवा नियम. कायमची हद्दपारी.” आणि नावावर लाल पट्टी मारली. खाली साठ जणांनी ‘शाब्बास सी मेक्की’ लिहिलं.

दोन दिवसांनी ईमेल आली. “सी मेक्की, पक्षी माझा आहे आणि गळाही त्याचाच आहे. सगळ्यांसमोर मी काही बोललो नाही, नववा नियम आहे म्हणून. आपण येऊन ऐकावं एवढंच म्हणणं आहे.” खाली गेल्मातल्या दुकानाचा पत्ता आणि नाव, अब्देन्नूर.

मेक्कीने ती वाचली, नाक मुरडलं आणि उत्तर दिलं नाही.

तीन आठवडे असेच गेले. एके दिवशी झुलीखा संगणकावरची धूळ पुसायला आली आणि तिला ती ईमेल उघडी दिसली. तिने ती वाचली, मग भिंतीवरचा कागद वाचला.

“चौथा नियम कुणाचा आहे?”

“माझा.”

“मग या माणसाला विचारलंत?”

“विचारायचं काय त्यात? टक् ऐकला ना मी! तो टक् तुझाच आहे, तुझ्या बोटाचा.”

“कॅसेट लावून पिल्लाला गाणं शिकवतातच की लोक. तुम्ही नाही का शिकवलंत?”

“सूर शिकतो पक्षी. यंत्राचं बटण कुठला पक्षी शिकतो, मला सांग.”

“मला काय विचारता, मी पक्षी आहे का?” झुलीखा म्हणाली. “मला एवढंच दिसतं की तुमचे नियम तो पाळतोय आणि तुम्ही नुसते भिंतीला चिकटवताय.”

हे त्याला फार लागलं. शुक्रवारी सकाळी तो सामायिक टॅक्सीत बसून गेल्माला गेला.

शुक्रवार म्हणजे दुकानं बंद, पण चौकातल्या कॉफीच्या दुकानात मकनीनवाले बसलेले होते. भिंतीवर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला पिंजरा. मधला एक खिळा मात्र रिकामा होता. मेक्कीने कॉफी मागवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “हा कुणाचा?”

“घड्याळजीचा होता,” शेजारचा जाडा माणूस म्हणाला. “अकरा वर्षं तिथेच लावायचा. आता आम्ही लावू देत नाही. टेपचोर निघाला.”

“कोण म्हणतं?”

“सी मेक्की म्हणतात, कॉन्स्टंटाइनचे. आणि सी मेक्की म्हणाले म्हणजे झालं. तो माणूस उगाच कुणाला काही बोलत नाही.”

मेक्कीने पेला खाली ठेवला. हेच वाक्य ऐकायला तो दोन वर्षं त्या खुर्चीत बसला होता आणि आज ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाण्याचं काय ते अजून कळायचं होतं, पण न विचारता केलेल्या निवाड्याचा खिळा समोर रिकामा दिसत होता. कॉफी अर्धी टाकून तो उठला.

घड्याळाच्या दुकानामागेच घर होतं. दार उघडलं ते एका सडपातळ म्हाताऱ्याने. दाढी पांढरीशुभ्र, डाव्या हाताला किंचित कंप. पोर म्हणून ज्याला झाडलं होतं तो मेक्कीपेक्षा आठ-दहा वर्षांनी तरी मोठा असावा.

“पक्षी ऐकायला आलो होतो,” मेक्की म्हणाला. “फोरमवरून.”

“मग तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी तिथून हाकललेला माणूस आहे.”

“ठाऊक आहे. हाकलणारा मीच.”

म्हाताऱ्याने त्याला नीट न्याहाळलं. “मला वाटलं होतं तुम्ही बरेच वयस्कर असाल. रागावता तर अगदी माझ्या वडिलांसारखे.”

“आणि मला वाटलं, तुम्ही पोरगे असाल.”

“शेजारच्या सायबर कॅफेत बसून एका बोटाने लिहितो. म्हणून थोडकं लिहितो, तर लोकांना उद्धट वाटतं. या, आत या.”

पिंजऱ्यावरचं कापड काढलं तेव्हा पक्ष्याने मेक्कीकडे पाठ फिरवली. अनोळखी माणसासमोर मकनीन गात नाही, हे दोघांनाही माहीत होतं. अब्देन्नूरने कॉफी केली, खजूर ठेवले. दोघे पक्ष्याकडे न बघता बोलत बसले. कॅसेट कुठून आली, असं मेक्कीने विचारलं. बाजारात एका जुन्या रेडिओबरोबर आली, म्हातारा म्हणाला, वर नाव नाही की काही नाही. गाणं आवडलं म्हणून पिल्लं वाढवताना तीच लावत आलो. “हे तिसरं पिल्लू. पहिल्या दोघांना ओळ अर्धीच जमली. हा मात्र सगळं उचलतो. माझा खोकलासुद्धा उचलला होता, महत्प्रयासाने सोडवला.”

पाऊण तास गेला. मग पिंजऱ्यातून हलकेच एक शीळ आली, मग दुसरी, आणि गाणं वर चढत गेलं. अगदी मध्यावर पक्षी थांबला, मान झटकली, चोचीतून कोरडा ‘टक्’ काढला आणि ओळीच्या मधूनच पुढे सुरू झाला.

मेक्कीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने ते पुसलंही नाही. सुलतानासाठी थोडं होतं, पण जास्त त्या रिकाम्या खिळ्यासाठी होतं. “काय गातोय हा!” तो म्हणाला. “काय गळा आहे!”

अब्देन्नूर घाईने खुर्चीतून अर्धा उठला. “सी मेक्की! सहावा नियम!”

“माशाल्ला,” मेक्की म्हणाला. “माशाल्ला, माशाल्ला.” आणि मग, “हाजी, मला माफ करा. तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“उशिरा का होईना, विचारायला आलात,” म्हातारा म्हणाला. “खोटं कशाला बोलू, राग होता. तुमचा कमी, या चौकातल्यांचा जास्त. अकरा वर्षं माझ्याबरोबर कॉफी प्यायलेत ते.”

“पिंजरा द्या,” मेक्की म्हणाला.

तो पिंजरा त्याने स्वतः दोन्ही हातांनी चौकातून नेला, म्हातारा मागून. कॉफीच्या दुकानातले सगळे वळून बघू लागले. मेक्कीने पिंजरा रिकाम्या खिळ्याला लावला आणि वळून म्हणाला, “मी मेक्की बुझनाद. टेप माझ्या पक्ष्याची आहे. ती ऐकून यांचा पक्षी शिकला, टक्‌सुद्धा शिकला. मी न विचारता यांना चोर ठरवलं. चूक माझी आहे, पूर्णपणे.” मग तो जाडा माणूस उठला आणि त्याने आपली खुर्ची अब्देन्नूरला दिली.

घरी येऊन मेक्कीने लाल पट्टी काढली, झालेलं सगळं न लपवता लिहिलं आणि नववा नियम खोडला. त्या जागी नवा घातला, ‘मुशरिफ चुकला तर सगळ्यांसमोर सांगावं.’ म्हाताऱ्याने सव्वीस दिवस हद्दपारी भोगली होती. मेक्कीने स्वतःच्या नावावर सव्वीस दिवसांची लाल पट्टी मारली. नस्रोचा ओरानहून फोन आला, “अहो सी मेक्की, मुशरिफच बाहेर? मग मी कुणाच्या तोंडाकडे बघू?” मेक्की म्हणाला, “नियमांच्या.” आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी ध्वनिफीत पुन्हा फोरमवर आली. वाचायला बंदी नव्हती. मेक्कीने झुलीखाला हाक मारून बोलावलं आणि मोठ्याने वाचलं, “मन्कूल. गाणं सी मेक्कींच्या सुलतानाचं आहे. मधला टक् त्यांच्या घरच्यांचा. पक्षी तेवढा माझा.”

झुलीखाने गाणं ऐकलं. टक् आला तशी ती आधी हसली आणि मग तिने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. “कुसकुस गार होत होता त्या दिवशी,” ती म्हणाली. “मग, उत्तर लिहा की त्यांना.”

“येत नाही. बंदी आहे.”

“कुणी घातली?”

“मी.”

“सरका,” झुलीखा म्हणाली. तिने भिंतीवरचे अकरा नियम वरून खालपर्यंत वाचले, स्वतःच्या नावाने सभासद झाली आणि अब्देन्नूरसारखंच एका बोटाने लिहिलं, “माशाल्ला. पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे जेवायला या. पक्ष्याला घेऊन या. या वेळी बटणाला कुणी हात लावणार नाही.”