तिच्या तोंडचं ‘तू’

दोन वर्षांची होऊन गेल्यावरही माझी मुलगी स्वतःला ‘तू’ म्हणायची. तहान लागली की माझा गुडघा धरून सांगायची, “तू पाणी पायजे.” पडली की, “तू पडली.” आणि मी दूध आणायला खाली गेलो की माझ्या आईला विचारायची, “मी कुठे गेला?”

आईला हसू आवरायचं नाही. मला मात्र त्याचा नाद लागला. बायको रोज सकाळी वाकोल्याला कामावर जायची, माझं काम घरून चालायचं. त्यामुळे घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर मी, आई आणि ही. तिचं बोलणं ऐकता ऐकता वाटायचं, चुकतंय कुठे तिचं? घरातला प्रत्येक जण तिला तू म्हणतो, म्हणजे तिचं नाव तू. बाबा स्वतःला मी म्हणतो, म्हणजे बाबाचं नाव मी. पण आजीही स्वतःला मीच म्हणते, तिची आईसुद्धा. मग एवढे सगळे ‘मी’ ती डोक्यात कसे बसवत असेल?

एकदा मी तिला समोर बसवलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, “मी.” तिने अगदी मन लावून पाहिलं, बोट पुढे केलं, माझ्याच छातीवर टेकवलं आणि म्हणाली, “मी.”

“झाली शिकवणी?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बाकी सगळं छान आहे, थोडं थांबा, तिचं ती शिकेल.

त्यानंतर काही दिवसांनी तिने बाथरूममध्ये स्वतःला कोंडून घेतलं. दारं लावायचं वेडच लागलं होतं तिला. आत गेली, दार लोटलं आणि आतली कडी सरकवल्याचा आवाज आला. आधी ती खूश होती. मग दार उघडेना, तेव्हा तिने रडून बिल्डिंग डोक्यावर घेतली.

कडी साधीच होती, पण तिची दांडी आधी वर करून मग बाजूला ओढावी लागायची. मी दाराला तोंड लावून सांगत होतो, “बाळा, दांडी वर कर आणि मग ओढ.” ती नुसतीच ओढायची. “आधी वर कर गं!” म्हटलं की वर करायची आणि सोडून द्यायची. दोन गोष्टी एकापाठोपाठ काही जमेनात. आई माझ्या मागे उभी राहून तिच्या मालवणीत ओरडत होती, “रडा नको गो चेडवा! वयर कर, वयर!” त्यात माझाही आवाज चढला आणि आतलं रडणं आणखी वाढलं.

आईच मग म्हणाली, “गप रव रे जरा. घाबरता ता.”

आम्ही दोघंही गप्प झालो. दार तोडायचं म्हटलं तर ते आत तिच्याच अंगावर गेलं असतं. खालून सुताराला बोलवावं म्हणून मी वळलो, तेवढ्यात रडणं थांबलं. आतून बारीक आवाज यायला लागला. ती कुणाशी तरी बोलत होती.

“रडू नको हां. तू रडू नको.” हुंदका. “बाबा आहे ना इथे.” हे माझं वाक्य होतं, माझ्याच सुरात. मग आजीचा सूर आला, “वयर कर गो.” दांडी खडखडली. “तू वर कर. तू ओढ.”

आम्ही दोघं बाहेर होतो आणि तिने आम्हाला आत बोलावून घेतलं होतं. आम्ही जे तिला सांगायचो ते ती आता स्वतःला सांगत होती, आणि स्वतःचं ऐकतही होती.

कडी निघाली. ती बाहेर आली, नाक वाहत होतं, फ्रॉक भिजलेला. मी तिला उचलणार तोच ती परत वळली आणि दार लावायला लागली. तिला ते पुन्हा करून बघायचं होतं! आईने तिला कडेवर घेतलं, म्हणून वाचलो. संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन मी ती कडी काढूनच टाकली.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती मुलीचे पाय चोळत ऐकत राहिली. मग म्हणाली, “माझं काहीच नाही बोलली?”

मी आठवून पाहिलं. “‘हां’ तुझं होतं,” म्हणालो. खरंच होतं ते. ‘रडू नको हां’ घरात तीच म्हणते.

‘मी’ आला तो पावसाळा संपल्यावर, कुणी न शिकवता. मी पिशवी घेऊन निघालो होतो, मागून आवाज आला, “मी पण येतो!”

बायको घरी होती. ती हसत सुटली. “दिवसभर तुझंच ऐकते ना, तुझ्यासारखीच बोलणार.” मग मुलीला जवळ घेऊन म्हणाली, “येतो नाही राणी. मुली येते म्हणतात. मी येते.”

मुलीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काहीतरी जुळवत होती. मग चपला उलट्या पायांत घालून माझं बोट धरलं आणि मोठ्या समजुतीने म्हणाली, “चल बाबा. तू पण येते.”