थोरल्या दिरांची तोंडी परीक्षा

मुलांनो, मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, ‘आजी, फोटो अटॅच केलाय.’ हे क्रियापद मी एकदा कर्जतच्या घरात शिकवलं होतं. ते कसं, हे सांगणारी आता मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घर भातशेतीचं, पण थोरले दीर रेल्वेत खलाशी. घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडतात, ते त्यांचं काम. बढतीसाठी इंग्रजीत तोंडी परीक्षा असे. एकदा ते नापास झाले होते. ही शेवटची संधी. घरात इंग्रजी शिकलेली मी एकटी. पण सुनेनं थोरल्या दिरांसमोर यायचं नाही, बोलायचं नाही. म्हणून ते ओटीवर, मी माजघराच्या दाराआड आणि उंबऱ्यावर तांदूळ निवडत सासूबाई.

“आये, तिला इच्चार, अटॅच म्हंजे काय?”

“ऐकलंस ना गं? सांग त्याला.”

मी अर्थ पाठ करून घेतला नाही. रोज हातानं करतात तेच बोलू द्या, मी सासूबाईंना म्हटलं. ‘द इंजिन इज अटॅच्ड टु द ट्रेन.’ मग डबा, साखळी, बैलगाडी, सगळं त्यांनी इंग्रजीत जोडून पाहिलं. आठ दिवसांत चूक उरली नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र ते म्हणाले, “आये, मी दाराला उत्तरं देतोय. साहेब काय दाराआड बसणार हाय? मागच्या टायमाला त्यानं डोळ्यात बघितलं नि माझी वाचाच गेली.”

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. “ये गं भाईर. आज तू साहेब. आणि तो पदर काढ डोक्यावरचा. साहेब पदर घेत नाय.”

मी ओटीवरच्या एकुलत्या एका खुर्चीत बसले आणि त्यांच्याकडे बघून प्रश्न विचारला. दोघांचेही कान लाल. ते अडखळले.

“परत इच्चार,” ते थेट मलाच म्हणाले.

चौथ्या खेपेला नजर न हलवता पूर्ण वाक्य आलं.

दुसऱ्या दिवशी ते पास होऊन आले. शेजारी जमले, तशी मी सवयीनं दाराआड गेले.

“तिकडं कुठं?” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “माझी मास्तरीण हाय ती. भाईर बसंल.”

मॅट्रिकच्या निकालादिवशीही मी इतकी ताठ बसले नव्हते.

ते घर अजून आहे. तिथल्या सुना ओटीवर बसतात.