घड्याळाची आंघोळ

माझं माहेर घाटनांदूरकडचं. तिथं विहिरीत उतरायचं ते गाळ काढायला. अशा गावातला माझा धाकटा भाऊ पाणबुड्या झाला, यावर आमच्या भावकीत अजून कुणाचा विश्वास बसत नाही. बंदरात जहाजांखाली जाऊन त्यांची बुडं घासायचं त्याचं काम. मी तलवाड्याला सासरी, दूध सोसायटीत फॅट बघायला आणि कॅन घासायला. म्हणजे देवानं दोघांना घासायलाच लावलं, फक्त त्याला पाणी दिलं आणि मला दुष्काळ.

त्या वर्षी त्याचा कान फुटला. डॉक्टरनं सहा महिने पाण्याचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. कान सुकवायला आमच्या जिल्ह्याइतकी चांगली जागा कुठं सापडणार? माहेरी जाताना तो आमच्याकडं उतरला आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं.

"अक्का, हे घालत जा. हातात हललं तरच चालतंय. गावाकडं मातीत राबताना मला घालता यायचं न्हाई, आन् घरी ठिवलं तर पोरं खोलून बघतेल. दिवाळी झाली की मी परत जाणार, तवा नेतो."

घड्याळ कसलं, पोलादी वाटीच ती. बांगड्यांच्या वर चढवलं तर थेट कोपराशी जायचं. काचेभोवती फिरणारं एक कडं होतं. पाण्यात उतरताना ते मिनिटकाट्याशी आणून ठेवायचं, म्हणजे पाठीवरची हवा कधी संपणार ते कळतं, असं त्यानं समजावलं. मी विचारलं, "आन् घड्याळच बंद पडलं तर?" तो म्हणाला, "मग तू हाईस की रडायला." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पाण्याखालची हवा मोजणाऱ्या त्या कड्यावर मी टँकर किती उशिरा आला ते मोजायला लागले. रांगेतल्या बाया मलाच वेळ विचारायच्या, आणि मीही उगाच हात लांब करून दाखवायची. थोडा माज आला होता, खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांत पट्ट्याच्या सांध्यात तांबूस ठिपके दिसले. मी पडले सोसायटीतली बाई. काही कळकट दिसलं की तारेची घासणी आणि धुण्याचा सोडा, एवढंच मला ठाऊक. दुधाचे कॅन त्यानंच लख्ख व्हायचे. घड्याळही तसंच खसाखसा घासलं, टँकरच्या पाण्यात बुचकळलं आणि ओलंच हातात चढवलं. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर एवढी, की चहाला दवाखान्याचा वास यायचा. आठ दिवसांत ठिपक्यांचे डाग झाले आणि पाठीमागच्या झाकणाची कडही तांबडी दिसायला लागली.

सोसायटीच्या चेअरमनना आम्ही सगळ्या सुना मामा म्हणायचो. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण माहीत असायचं. घड्याळ उलटंसुलटं करून ते म्हणाले, "सूनबाई, पाण्यातलं जित्राब हाय हे. कोरड्यात ऱ्हायल्यानं बिघडलं. चार दिस रांजणात सोडून बघा." हे कानावर गेलं तशा आमच्या सासूबाई रांजणाच्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. तो बेत तिथंच संपला.

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. झाकण गंजलं तर आत पाणी जाणार, काटे अडकणार, आणि माझा भाऊ अजून हवा आहे म्हणून जहाजाखाली घासतच बसणार. कामात लक्ष लागेना, फॅटचा आकडा दोनदा चुकला.

शेवटी दुधाच्या टेम्पोत बसून मांजरसुंब्याला गेले. तिथं एका ढाब्याशेजारच्या टपरीत म्हातारा घड्याळजी बसायचा. डोळ्याला भिंग लावून त्यानं पट्टा बघितला.

"बाई, घासलं कशानं?"

मी सांगितलं. त्यानं भिंग काढून मलाच नीट बघून घेतलं.

"हा गंज तुमच्या घासणीचा हाय. तारेचा चुरा सांध्यात बसला, त्यो गंजला. वरून घाम आन् ब्लीचिंग. घाण साचली की स्टीलला हवा लागत न्हाई, मग त्ये बी खराब होतंय. दूध तापवायचं पातेलं हाय का हे?"

बोलत बोलत त्यानं डाग काढले, झाकणाखालचं रबर बदललं आणि मला पथ्य सांगितलं. आधी चावी घट्ट पिळायची. वाटीभर गोड्या पाण्यात शांपूचा थेंब, मऊ ब्रश, दुसऱ्या वाटीत खळबळायचं, मऊ कापडानं कोरडं करायचं. दर आठ दिवसांनी.

म्हणजे दोन वाट्या गोडं पाणी. त्या वर्षी अख्ख्या शिवारात एकच विहीर गोडी उरली होती आणि घराला दिवसाआड एक घागर मिळायची. मी माझ्या पिण्यातलं पाणी बाजूला काढायची. सासूबाई म्हणाल्या, "माणसं ओल्या फडक्यानं अंग पुसायलीत, आन् हिच्या घड्याळाला न्हाणं." दुसऱ्या वाटीतलं पाणी शेळीला पाजते म्हटल्यावर जरा शांत झाल्या. महिनाभरानं त्याच आठवण द्यायला लागल्या, "आज त्याची आंघोळ हाय न्हवं?" पुसायला स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडाही दिला.

दिवाळीला भाऊ आला. कान बरा झाला होता. मी घासणीपासून सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. तो म्हणाला, "पाणी आण पेलाभर." मला वाटलं, तहान लागली असेल. त्यानं चावी पिळली आणि घड्याळ सरळ पेल्यात सोडलं.

"काचेला आतून वाफ धरली तर हे गेलं. मग मी बी जात न्हाई. हितंच तुझ्यासंगं कॅन घासतो."

तो सहज बोलून गेला. मी पेल्यासमोर बसले. सहा महिने या घड्याळात पाणी जाऊ नये म्हणून जीव टाकला होता, आणि आता मनात एकच, धर गं बाई वाफ, एवढा एक डाव धर. भावाच्या पोटावर उठलेय की काय, असंही वाटलं. तरी मागणं थांबेना.

दिवस कलला तरी काच स्वच्छच. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "लई निगुतीनं धुतलंस की." मला त्यांचा असा राग आला.

भाऊ घड्याळ हातात घालायला लागला. मी ते हिसकावून घेतलं, लुगड्याच्या तुकड्यानं पुसलं आणि माझ्या हातानं त्याच्या मनगटावर बांधलं.

"दर दिवाळीला हे हितं धुवायला आणायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं न्हाई."

"अक्का, तिथं पाण्याला काय तोटा हाय?"

"आणायचं म्हणले ना."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. वर्षातल्या त्या एका दिवसासाठी मी अजूनही दोन वाट्या गोडं पाणी बाजूला काढून ठेवते.